मोगऱ्याच्या कुंडीतली दोन थोटकं

वेलदोडे, महिन्याला पाव किलो. घरात माणसं चार, आणि गोड कुणीच खात नाही.

निजामुद्दीनच्या पुलावर ऑफिसची चार्टर्ड बस रोज सव्वानऊला अडकते. खाली यमुना आहे, असं म्हणतात.

तंबाखूच्या वखारीत शिरलं की पहिल्या मिनिटाला शिंका येतात, दुसऱ्या मिनिटाला डोळे भरून येतात. तिसऱ्या मिनिटानंतर काहीच वाटत नाही.

इतिहास ऑनर्स. पहिली यादी. अनुक्रमांक एकतीस.

आमच्या खंडेरावकाकांच्या सिल्कच्या सदऱ्याला, खिशाच्या जागी, रुपयाएवढं भोक होतं.

सी-बेचाळीस. तिसरा मजला. बाल्कनी पूर्वेकडे, कुंड्या सात.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे. दुर्दैवानं माझ्याशीही आहे!

तर मंडळी, आधी थोडी फुशारकी मारून घेतो. नंतर संधी मिळणार नाही. मी उल्हास. सत्त्याण्णव साली, म्हणजे हे सगळं घडलं तेव्हा, माझं वय शेहेचाळीस होतं. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर आणि सरकारी नोकरी दोन्ही सोडून मी कस्तुरबा गांधी मार्गावर, जपानी भागीदारीत फोटोकॉपीची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत शिरलो होतो आणि मयूर विहारात सोसायटीतला फ्लॅट घेतला होता. पण ही काही फुशारकी नव्हे. असं त्या काळात निम्म्या दिल्लीनं केलं. माझी फुशारकी वेगळी आहे. मी सव्वीस वर्षं सिगरेट ओढत होतो आणि सव्वीस वर्षांत माझ्या वडिलांना त्याचा पत्ता लागला नव्हता! परीक्षेचे पेपर फुटत होते, सरकारं फुटत होती, माझं गुपित मात्र डबाबंद लोणच्यासारखं शाबूत होतं.

आणि वडील कोण? भालचंद्र, केंद्रीय अबकारी खात्यातले निवृत्त इन्स्पेक्टर! बत्तीस वर्षं त्यांनी जयसिंगपूर-निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारी तपासल्या. सुकलेलं पान नुसतं हुंगून गावाचं नाव सांगायचे. एकदा पान हुंगून शेतकऱ्याचंही नाव सांगितलं होतं म्हणतात, पण ते बहुधा पोत्यावर लिहिलेलं असावं. आई गेल्यावर, शहाण्णवच्या डिसेंबरात, हे नाक कायमचं आमच्याकडे राहायला आलं. ऑफिसातल्या मित्रांनी माझ्यासाठी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली!

पण मी डगमगलो नाही. पहाटे साडेपाचला उठायचं. झाडांना पाणी घालायच्या निमित्तानं बाल्कनीत जायचं. एक सिगरेट, फिल्टरची. थोटूक मोगऱ्याच्या कुंडीत बोटानं खोल खुपसायचं, रोप लावावं तसं. मग पेस्ट, मग दोन वेलदोडे, मग देवापुढे उदबत्ती. लतिका, माझी बँकेत नोकरी करणारी बायको, शेजारणींना सांगायची, "सासरे आल्यापासून यांच्यात इतका फरक पडलाय! पहाटे उठतात, बागकाम करतात, पूजासुद्धा!"

*

शेहेचाळीस वर्षांच्या घोड्यानं बापापासून सिगरेट का लपवावी, असं तुम्ही विचाराल. तर खंडेरावकाका.

खंडेराव हे बाबांचे थोरले भाऊ. वय अठ्ठावन्न असताना ते एकदा गावच्या नाक्यावर सिगरेट ओढत उभे होते. समोरून त्यांचे वडील, वय ब्याऐंशी, काठी टेकत आले. काकांनी पेटती सिगरेट खिशात टाकली आणि हात जोडून उभे राहिले! वडील थांबले. हवापाणी झालं. शेंगदाण्याच्या पेंडीबद्दल बोलणं झालं. सदऱ्यातून धूर निघत होता, काकांच्या डोळ्यांतून पाणी निघत होतं, आणि वडील म्हणाले, "खंडू, तब्येतीला जप हो." काकांच्या छातीवर त्या जागी पुढं केस उगवले नाहीत.

ही गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगत नाहीत हो! संस्कार म्हणून सांगतात. मुंजीत, बारशात, डोळे पुसत. कायद्यानं सिगरेटला वयाची अट अठरा असेल. आमच्या घराण्यात अट एकच आहे: बाप असेपर्यंत नाही.

*

जूनमधला रविवार. अठ्ठेचाळीस अंशांचं ऊन, वीज सकाळपासून गायब, यमुनेकडून येणारा वारा चपलांच्या दुकानासारखा वास घेऊन आलेला. लतिकेनं ठरवलं, आज मोगऱ्याची माती बदलायची. मी आत दाढी करत होतो. तेवढ्यात बाल्कनीतून कुंडी आपटल्याचा आवाज आला आणि माझं हनुवटीजवळ कापलं. कुंडी कोणती हे मला आवाजावरून कळलं!

मी बाहेर आलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर स्टीलची बशी होती आणि बशीत दोन थोटकं. बाकीची बहुधा मातीत कुजून गेली असावीत. लतिका कमरेवर हात ठेवून उभी. बाबा पेपर घेऊन बसलेले. मयुरा, आमची मुलगी, वय सतरा, नुकतीच बारावी झालेली, टोस्ट खात होती.

"हे काय आहे?" लतिका म्हणाली.

मंडळी, मी टॉवेलनं हनुवटीचं रक्त टिपायला लागलो. टिपता टिपता नीट पाहिलं आणि जिवात जीव आला! दोनपैकी एक माझं होतं, फिल्टरचं. दुसरं मात्र बिनफिल्टरचं, साधं, पांढरं, टोकाशी चावलेलं. ते माझं नव्हतं! मी जन्मात साधी सिगरेट ओढलेली नाही. म्हणजे माझ्या घरात, माझ्या कुंडीत, दुसरंच कुणीतरी ओढत होतं!

बाबांनीही चष्मा लावून बशीत पाहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं, वखारीतला इन्स्पेक्टर जागा झाला.

लतिकेनं माझ्याकडे पाहिलं. प्रश्न तिच्या ओठांवर आला होता, मला दिसत होता. पण बाबा समोर बसले होते. सासऱ्यांसमोर नवऱ्याला "तुम्ही सिगरेट ओढता का हो?" असं विचारता येत नाही. तिनं तो प्रश्न गिळला. मग तिची नजर बाबांकडे गेली आणि तिथून चटका बसल्यासारखी परत आली. सासऱ्यांना तर मुळीच विचारता येत नाही! राहता राहिलं कोण? घरात जिला प्रश्न विचारता येतो असं माणूस एकच होतं, आणि ते टोस्ट खात होतं.

"मयुरा, ही थोटकं कुणाची?"

"थोटकं म्हणजे?"

"बघा! कशी साळसूद!"

"आई, सच्ची मला वर्ड माहीत नाही! थोटकं म्हणजे काय?" तिनं बशीत पाहिलं. "अच्छा. हे."

"हे! दोन प्रकारची! म्हणजे ब्रँड बदलून बघतेस?"

"मी नाही ओढत, यार."

"आईला यार म्हणू नकोस! मग कुणाची आहेत?"

मयुरानं टोस्ट खाली ठेवला. आजोबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला नाही माहीत."

हे म्हणायला तिला चार सेकंद लागले. लतिकेच्या दृष्टीनं ते चार सेकंद म्हणजे कबुलीजबाब होता.

"सतराव्या वर्षी!" मी गरजलो. संताप अगदी खरा होता, कारण ते साधं थोटूक तिचंच, याची मला पक्की खात्री पटली होती.

"मुलीच्या जातीनं!" बाबा गरजले. त्यांचाही संताप खरा होता. तो किती खरा होता, हे मला नंतर कळलं.

*

सोसायटीच्या फाटकाबाहेर रामसुमेरची पान-सिगरेटची टपरी होती. मी त्याचं चार वर्षांचं गिऱ्हाईक. बाबा आले त्याच आठवड्यात मी त्याच्याकडून शपथ घेतली होती, की माझं नाव कुणाहीपुढे घ्यायचं नाही. सोमवारी सकाळी बसस्टॉपवर जाण्याआधी मी टपरीवर गेलो.

"रामसुमेर, सच बताओ. हमारे घर से और कौन आता है?"

तो पानाला चुना लावत राहिला. "साहब, आपके घर से दो गिराहक हैं. एक आप."

"दूसरा कौन?"

त्यानं दोन्ही कान धरले. "जबान दी है, साहब. जैसे आपको दी, वैसे उनको भी दी."

"छोटी उमर है ना?"

तो हसला. "उमर का क्या है साहब, शौक तो शौक है."

झालं! माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. माझी मुलगी या टपरीवर येते, माझ्यासारखीच शपथ घालते, माझ्यासारखेच वेलदोडे खाते!  मी एक सिगरेट घेतली आणि तिथंच ओढली. विचार करायला काहीतरी हवं ना!

दिल्लीत त्याच वर्षी नवा कायदा लागू झाला होता: अठरा वर्षांखालच्यांना सिगरेट विकायची नाही. पेपरात आला होता. कुणी पाळत नव्हतं. मी ठरवलं, आपण पाळायला लावायचा. टपरीवर गुपचूप एक बोर्ड लावायचा, पोरीचा पुरवठा तोडायचा, विषय संपवायचा. कुणाला काही कळायला नको!

मी सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंत सिंग यांच्याकडे गेलो. रेल्वेतून निवृत्त झालेले सरदारजी, तंबाखूचे हाडवैरी. मी म्हटलं, एक छोटासा बोर्ड. त्यांनी मला मिठीच मारली.

"उल्हासजी! पंद्रह साल से इंतज़ार था कि इस सोसायटी में कोई मर्द निकले! छोटा बोर्ड क्यों? बड़ा बोर्ड!"

दोन दिवसांत 'धूम्रपान निवारण समिती' स्थापन झाली. अध्यक्ष मी! मी नको नको म्हणत होतो. त्यांना वाटलं, महाराष्ट्रीय माणसं नम्र असतात. आठवड्याभरात पत्रक निघालं. त्यात उद्घाटन होतं, शामियाना होता, समोसे होते, आणि 'प्रमुख अतिथि: तंबाकू विशेषज्ञ श्री. भालचंद्रजी (भूतपूर्व एक्साइज़)' होते. फीत कापायच्या कात्रीचं तबक धरायला एक मुलगी हवी, 'नई पीढ़ी की ओर से'. अध्यक्षांच्या घरात मुलगी आहेच!

"मी नाही धरणार," मयुरा म्हणाली.

"का? भीती वाटते?" लतिका म्हणाली.

मयुरानं तबक धरलं.

*

पिवळा बोर्ड, काळी अक्षरं:

१८ वर्ष से कम आयु वालों को
बीड़ी सिगरेट तंबाकू
नहीं मिलेगा
आज्ञा से: सी-४२ (अध्यक्ष)

पत्ता घालायची कल्पना सरदारजींची. "ज़िम्मेदारी दिखनी चाहिए!"

*

बाबांचं भाषण सुंदर झालं. त्यांची हिंदी जयसिंगपूरची होती, पण आवाज इन्स्पेक्टरचा. "मैंने बत्तीस साल तंबाकू को देखा. तंबाकू ने मुझको देखा. पर हमने एक-दूसरे को कभी हाथ नहीं लगाया!" टाळ्या! मी सर्वांत जास्त वाजवल्या. माझ्या बापाचा मला अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की खिशातलं सिगरेटचं पाकीट मांडीला विंचवासारखं टोचायला लागलं.

फीत कापली. आणि इथं थांबायला हवं होतं. पण सरदारजींना उत्साह आवरेना. त्यांनी माईक रामसुमेरच्या तोंडापुढं धरला.

"बोलो भई, अब तक किन-किन बच्चों को बेची? डरो मत, आज से माफ़!"

"बच्चों को तो कभी नहीं बेची, सरदारजी."

"झूठ! फिर अध्यक्षजी ने बोर्ड क्यों लगवाया?"

रामसुमेर बिचारा गडबडला. माईक त्यानं जन्मात पहिल्यांदाच पाहिला होता. "वो तो सी-बयालीस वालों के घर का मामला है, साहब. उनके यहाँ से आते हैं, पर..." आणि त्यानं जीभ चावली. दोन्ही कान धरले.

"चलो, समोसे ठंडे हो रहे हैं!" मी ओरडलो.

"समोसे! समोसे!" त्याच क्षणी बाबाही ओरडले. केवढं हे माझ्यावरचं प्रेम, मला वाटलं. घराण्याची अब्रू वाचवायला सत्तरीतला माणूस समोसे समोसे ओरडतोय!

पण शामियान्यातली दीडशे माणसं हिशेबाला पक्की होती. सी-बेचाळीसमध्ये चार जण. एक तंबाखूतज्ज्ञ, कधी हात न लावलेले. एक अध्यक्ष. एक बँकेतल्या मॅडम. दीडशे माना एकाच दिशेनं वळल्या. मयुरा मखमलीचं तबक घेऊन उभी होती, बोर्डाच्या बरोबर खाली.

तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबा समोशाकडे पाहत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बोर्डावरचं शुद्धलेखन तपासत होतो.

तिनं तबक खुर्चीवर ठेवलं आणि घरी निघून गेली.

*

त्यानंतरचं फारसं विनोदी नाही. पण सुरुवात केलीच आहे, तर सांगतो.

लिफ्टमध्ये बायका गप्प व्हायला लागल्या. मयुराच्या मैत्रिणीच्या आईनं फोनवर सांगितलं की पूजा घरी नाही, आणि मागून पूजाचा आवाज येत होता. रामसुमेर मात्र कायद्याला इतका घाबरला, की बासष्ट वर्षांच्या कर्नलसाहेबांकडेही त्यानं शाळेचा दाखला मागितला!

आणि त्याच आठवड्यात दिल्लीतल्या कॉलेजची पहिली यादी लागली. इतिहास ऑनर्स. मयुराचं नाव एकतिसावं. तिला दोन वर्षांपासून तेच कॉलेज हवं होतं. तिथल्या लाल विटांचा फोटो तिनं कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. यादी बघून ती धावत आली, तेव्हा घरात बैठक बसली होती.

"पुण्याला पाठवू," लतिका म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "रेवतीवन्संकडे. इथं आता हिला कोण नीट जगू देईल?"

रेवती ही माझी बहीण, कोथरूडला. तिच्या घरात उदबत्ती लावायलाही परवानगी काढावी लागते.

"आई, माझं नाव आलंय! पहिल्या लिस्टमध्ये!"

"पुण्यातपण कॉलेजं आहेत."

"पापा?"

मी बाबांकडे पाहिलं.

"आजोबा?"

बाबा खोकले. त्यांना तेव्हा खोकला फार यायचा. मी यमुनेच्या धुळीला दोष द्यायचो. खोकून झाल्यावर म्हणाले, "आईबाप म्हणतील तसं."

संध्याकाळी जिन्यात तिनं मला गाठलं. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे, खिडकीपाशी.

"पापा, तुम्ही काहीतरी बोला ना."

"काय बोलू?"

"तुम्हाला माहीत आहे काय."

मला कळलं. तिला माझं ठाऊक होतं! कधीपासून, कोण जाणे. मंडळी, आता मी त्या पायरीवर जो हिशेब केला तो ऐका, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा. फिल्टरचं थोटूक माझं, कबूल. साधं थोटूक तिचं. म्हणजे तिच्यावरचा निम्मा आरोप खरा! मग उरलेल्या निम्म्यासाठी मी सव्वीस वर्षांची झाकली मूठ बापासमोर उघडायची? ती तर ओढतेच आहे!

"तिकडं हवा चांगली आहे," मी म्हणालो.

 ती म्हणाली, "ओके." आणि माझ्या हातातली भाजीची पिशवी घेऊन वर गेली.

*

निजामुद्दीन स्टेशन. दुपारची गाडी. आरक्षण मिळेल त्या दिवसाचं घेतलं होतं. निवड करायला वेळ नव्हता. लतिकेनं दशम्या बांधून दिल्या आणि शेजारच्या बर्थवरच्या बाईंना चार वेळा सांगितलं, "जरा लक्ष ठेवा हं." बाबा हट्टानं आले होते. काठी टेकत, छाती धरत, स्टेशनचा अख्खा जिना चढून.

गाडी सुटायला दोन मिनिटं होती. मयुरानं खिडकीच्या गजांवर कपाळ टेकलं.

"पापा, एक विचारू?"

"विचार ना."

"अठराच्या नंतर चालतं का?"

"काय?"

"सिगरेट."

"मुळीच नाही!" मी म्हणालो. बाबा शेजारीच होते.

"मग किती वर्षांनंतर चालतं?"

माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा पाकीट होतं. मी त्यावर हात ठेवला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, बापाला गहिवरून आलं. बाबांनीही आपला हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि बाहेर काढलाच नाही.

गाडी हलली. तिनं हात हलवला नाही. आम्ही दोघं हलवत राहिलो, डबा दिसेनासा झाल्यावरसुद्धा. कारण थांबलो असतो तर एकमेकांकडे पाहावं लागलं असतं. हे मी आता म्हणतो. तेव्हा मला फक्त सिगरेटची तल्लफ आली होती.

*

दहा दिवसांनी. पहाटे साडेपाच. मी पाण्याची झारी घेऊन बाल्कनीत. मोगऱ्याला लतिकेनं नवी माती घातली होती, काळी, भुसभुशीत. खुपसायला छान. मी बोट घातलं आणि बोटाला काहीतरी लागलं.

साधं. पांढरं. टोकाशी चावलेलं. कोरडं, म्हणजे कालचंच.

मयुरा दीड हजार किलोमीटर लांब होती.

मी खाली बसलो.  लतिका साधी सिगरेट ओढत असेल, असंही एक मिनिट मनात आणून पाहिलं! माणूस बुडताना काय काय धरतो! मग दुपारी रिकाम्या घरात एकटा कोण असतो, हे आठवलं. ती टोकाशी चावायची सवय आठवली. बाबांच्या सगळ्या पेन्सिली तशाच असत.

मागं चपला वाजल्या. बाबा दारात उभे होते. त्यांच्या उजव्या हाताची मूठ बंद होती. मुठीतून फिल्टरचं पिवळं टोक डोकावत होतं. तुळशीच्या कुंडीत मी आदल्या दिवशी घाईत खुपसलेलं.

माझ्या मुठीत त्यांचं, त्यांच्या मुठीत माझं.

बशीत पाहून त्यांचा चेहरा लाल का झाला होता, ते तेव्हा समजलं. त्यांनाही एकच थोटूक परकं दिसलं होतं. त्यांनीही निम्म्या आरोपाचा हिशेब केला होता.

वर कावळे ओरडत होते. खाली दुधाच्या बूथवर रांग लागत होती. मला वाटलं, आता बोलायचं. एक वाक्य. नुसतं 'बाबा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"मोगरा यंदा चांगला आलाय," मी म्हणालो.

"हो," बाबा म्हणाले. "पण कुंडीत कीड दिसते."

"हो. मलाही दिसली."

"सकाळी तू बघत जा."

"दुपारी तुम्ही बघा."

"बघतो," ते म्हणाले. आणि आत गेले. नळ वाजला. मग वेलदोड्याच्या डब्याचं झाकण वाजलं.

*

रविवारी सकाळी पुण्याचा फोन लावायचा असं ठरलेलं होतं. लतिका भाजी आणायला गेली होती. फोन मी लावला. बाबा समोर पेपर वाचत होते.

"पापा, सेकंड लिस्ट लागली का?"

"लागली. तुझं नाव अजून ठेवलंय म्हणे. शुक्रवारपर्यंत."

 मग, "मी परत येऊ?"

बाबांनी पेपरचं पान उलटलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बोलतील म्हणून थांबलो. ते पेपरच्या वरून माझ्याकडे पाहत होते. मी बोलेन म्हणून थांबले होते. एसटीडीचं बिल वाढत होतं. तिला परत बोलवायचं तर लतिकेला कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर आम्हा दोघांना एका खोलीत, एका वेळी, तोंड उघडावं लागणार. सव्वीस वर्षं आणि बत्तीस वर्षं! केवढी ती साधना!

"तिकडं ॲडमिशन झालीय ना आता," मी म्हणालो.

"हो."

"मग झालं तर."

"आजोबांचा खोकला?"

"कमी आहे."

कमी नव्हता.

*

बाबा त्यानंतर चार वर्षं होते. या चार वर्षांत आम्ही एकमेकांची थोटकं नेमानं उचलली. पहाटे मी त्यांची, दुपारी ते माझी. बापलेकात इतकं सहकार्य आमच्या सात पिढ्यांत झालं नसेल! शेवटच्या महिन्यात त्यांना ऑक्सिजनची नळी लावली होती, तेव्हा कुंडीत काहीच मिळेनासं झालं. तरी मी रोज बोट घालून पाहत होतो.

सोसायटीनं मला सन्मानचिन्ह दिलं. काचेचं. ते दिवाणखान्यात आहे.

मयुरा पुण्यात कॉमर्स झाली, बंगळूरला नोकरीला लागली. सुट्टीत येते, पाहुण्यासारखी. चादरीची घडी घालून ठेवते. तिनं कधीच काही विचारलं नाही. आता घराण्याच्या अटीप्रमाणे मला पूर्ण मुभा आहे. बाप नाही, वय साठीकडे झुकलेलं. मी दिवाणखान्यात पाय पसरून, सन्मानचिन्हाशेजारी बसून ओढू शकतो. ओढतोही! पण ती आली की पुन्हा पहाटे साडेपाच, बाल्कनी आणि वेलदोडे. मुलीसमोर कशी ओढणार हो?

मयुराला अठरा वर्षं पूर्ण झाली ती त्या पुण्याच्या गाडीत, मध्यरात्री, भोपाळच्या थोडं अलीकडे.